बहिणाबाई : कोरडवाहू रानातली श्रद्धा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा ठराव आहे, पीकविम्याचा आहे, चाऱ्याचा आहे. त्यावर बोलायला माणसं तयार आहेत. आमच्याकडे वेगळं काम दिलं आहे. ठराव वाचण्याआधी एका बाईची आठवण काढायची आहे. ही बाई कोणत्या पदावर नव्हती, तिने कधी मोर्चा काढला नाही, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने कापूस वेचला, ज्वारी कापली, जात्यावर दळलं, देवाचं नाव घेतलं आणि वयाच्या ७१ व्या वर्षी, ३ डिसेंबर १९५१ रोजी, जळगावात डोळे मिटले. बहिणाबाई नथूजी चौधरी हे तिचं नाव.

कुणी म्हणेल, बैठक शेतकऱ्यांची, इथं कवयित्रीचं काय काम? त्याला आमचं उत्तर सोपं आहे. बहिणाबाई आधी शेतकरीण, मग कवयित्री. त्यांच्या गाण्यांतून शेती काढून घेतली तर मागं फार थोडं उरेल. त्यांच्या देवभक्तीतून शेती काढली तरी तेच होईल. आणि आज आम्हाला त्यांच्या देवभक्तीबद्दलच बोलायचं आहे. आपल्या जिल्ह्यात श्रद्धेला तोटा नाही. परळीला वैजनाथ आहे, अंबाजोगाईला योगेश्वरी आहे, मुकुंदराजांची समाधी आहे. पेरणी उरकली की आपल्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळस घेऊन पंढरीची वाट धरतात. पण याच श्रद्धेच्या आडोशाला बायांवर अन्यायही होतो. नवरा गेला की नशिबाचं नाव सांगून बाईला शुभकार्यातून उठवतात, आणि हळूच सातबाऱ्यातूनही उठवतात. श्रद्धा कुठं संपते आणि हा अन्याय कुठं सुरू होतो, हे एका निरक्षर शेतकरणीला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आपल्याला ते अजून कळायचं आहे.

आसोद्याची लेक, जळगावची सून

खानदेशात जळगावच्या जवळ आसोदे नावाचं गाव आहे. तिथं १८८० साली नागपंचमीच्या दिवशी बहिणाबाईंचा जन्म झाला. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घरात तीन भाऊ, तीन बहिणी. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरात आल्या. नवरा नथूजी खंडेराव चौधरी. ओंकार आणि सोपानदेव हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी.

तो काळ कसा होता ते ध्यानात घ्या. १८९६-९७ चा दुष्काळ, त्यामागून १८९९-१९०० चा दुष्काळ, आणि वरून प्लेगची साथ. गावंच्या गावं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहत होती. या प्लेगनं बहिणाबाईंच्या ओंकारला जन्माचं अपंगत्व दिलं. त्या तीस वर्षांच्या असताना नवरा वारला. घरात वाटण्या झाल्या. पदरात तीन लेकरं, त्यातलं एक अधू, आणि पुढं चाळीस वर्षांचं आयुष्य.

कायदा काय म्हणत होता? एकत्र कुटुंबातला नवरा मेला तर त्याच्या विधवेला जमिनीत वाटा नव्हता, फक्त अन्नवस्त्राचा हक्क होता. १९३७ साली कायदा आला, त्यानं विधवेला हयातीपुरता वाटा दिला. पूर्ण मालकी मिळाली ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं. म्हणजे बहिणाबाई गेल्या त्यानंतर पाच वर्षांनी. त्या पिढीच्या विधवांनी रानात हाडाची काडं केली ती असल्या कायद्याच्या काळात.

मायबहिणींनो, हे सगळं तुम्हाला ऐकीव वाटणार नाही. कर्जापायी, नापिकीपायी धनी गेला आणि मागं बाईनं रान सांभाळलं, अशी घरं या मांडवात बसलेल्यांच्या गावांत आहेत. आपण त्यांच्याकडं दया म्हणून बघतो. आम्ही म्हणतो, शेतकरी म्हणून बघा. बहिणाबाईंनी कुणाची दया मागितली नाही.

गाण्यातली शेती

आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसं. पुस्तकात मशागत, पेरणी, आंतरमशागत, काढणी, मळणी असे धडे असतात. बहिणाबाईंच्या गाण्यांत हे धडे ओळीनं सापडतात. पेरणीचं गाणं आहे, कापणीचं आहे, रगडणीचं आहे, उपणणीचं आहे. उपणणीच्या गाण्यात वाऱ्याची आळवणी आहे. तोंडात धूळ घेऊन, हातात पाटी धरून, खळ्यावर वाऱ्याची वाट बघत जो उभा राहिला नाही, त्याला ते गाणं सुचणार नाही. मातीत दडलेल्या बियाण्याला कोंब कसा फुटतो, यावर त्यांचं गाणं आहे. मोटेवर आहे, पोळ्यावर आहे, सुगरणीच्या खोप्यावर आहे. मन कसं असतं हे सांगायचं झालं तेव्हा त्यांना पिकात शिरणारं ढोर आठवलं. हाकललं तरी पुन्हा पिकात येणारं ढोर आपल्याला माहीत आहे, म्हणून ती गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

त्या काळचा कापूस देशी. सोटमूळ खोल जाणारा, पावसानं ताण दिला तरी तग धरणारा. बियाणं घरचं. कापूस निवडायचा, सरकी वेगळी करायची, चांगली सरकी पेरणीला ठेवायची, राहिलेली जनावरांना घालायची. ज्वारीची टपोरी कणसं खळ्यावर बाजूला काढायची आणि बियाण्यासाठी राखेत घोळून ठेवायची. ही निवड घराघरांत बायाच करत. पेरणीला तिफणीमागं चाड्यावर मूठ धरायचं कामही पुष्कळ ठिकाणी बायांचंच. एकसारखं बी सोडायचं, ना दाट ना विरळ. आज आम्ही शिबिरात दोन झाडांतलं अंतर आणि हेक्टरी झाडांची संख्या शिकवतो. ते शास्त्र त्या मुठीत होतं.

जुनं ते सोनं असं सांगायला आम्ही आलो नाही. देशी कापसाचा धागा आखूड, उतारा कमी. जात्यावर पहाटे दोन-दोन तास दळणं ही बाईच्या जिवाची झीज होती. पिठाची गिरणी आली ते बरंच झालं. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीच्या फवारण्या काही वर्षं कमी झाल्या. आपण तो पेरला तो आंधळेपणानं नव्हे. पण संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं तेच पीक आतून पोखरलं. हे सगळं होत असताना बियाण्याचा निर्णय बाईच्या हातातून निघून दुकानाच्या फळीवर गेला, ही गोष्ट मात्र कुणी नोंदवली नाही. बाईकडं काय राहिलं? खुरपणी आणि वेचणी. कंबर मोडणारं काम राहिलं, डोकं चालवायचं काम गेलं.

जोशी दारातून परत गेला

आता त्यांच्या श्रद्धेबद्दल. बहिणाबाई देव मानत होत्या. विठ्ठल मानत होत्या. सरस्वतीला त्या आई म्हणत. आपल्याला जे सुचतं ते तीच शिकवते, असं त्यांचं म्हणणं होतं. गुढीपाडवा, आखाजी, पोळा हे सण त्यांनी मनापासून केले आणि गायले. देवधर्म टाकून दिलेली ही बाई नव्हे.

पण वैधव्यावर त्यांचं एक गाणं आहे. त्यात दारी आलेल्या जोशाला त्या परत पाठवतात. हात दाखवत नाहीत, भविष्य विचारत नाहीत. माझं काय व्हायचं ते मला कळलं आहे, तू माझ्या दारी येऊ नको, असा त्याचा भाव आहे. ज्या काळात विधवा बाईनं सावलीसारखं भिंतीला चिकटून राहायचं, त्या काळात हे बोलणं आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. देवाला हात जोडणारी बाई जोशाला हात दाखवत नाही. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. देवाला हात जोडून ती कामाला लागते. जोशाला हात दाखवला की तिला बसून राहावं लागतं. कोरडवाहू शेतकऱ्याला हा फरक लगेच कळावा. मृगाचा पाऊस पडेल की नाही, पडला तर पुढं खंड पडेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं. तरी आपण बी मातीत टाकतो. याला श्रद्धा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? पण तीच माणसं पेरणीआधी रानात जाऊन माती मुठीत दाबून ओल बघतात. पुरेसा पाऊस झाल्याशिवाय, वीतभर ओल गेल्याशिवाय कापूस लावू नये हे त्यांना माहीत असतं. रब्बीची ज्वारी ओल टिकून असताना साधावी हे माहीत असतं. देवावर भरवसा आणि ओलीची पारख, दोन्ही एकाच मुठीत राहतात. बहिणाबाईंची श्रद्धा या जातीची होती.

नशीब हा शब्द वेगळ्या जातीचा आहे. भाव पडला तर नशीब. विमा मिळाला नाही तर नशीब. धनी गेला तर बाईचं नशीब फुटकं, तिचा पायगुण वाईट. हा शब्द वापरला की कुणाला जाब विचारावा लागत नाही. व्यापारी सुटतो, सरकार सुटतं, भाऊबंदही सुटतात. शेतकऱ्यांची चळवळ उभी राहिली तीच मुळी हा शब्द नाकारून. आपलं दारिद्र्य नशिबानं आलेलं नाही, ते शेतमालाच्या भावातून आलं आहे, असं आपण चावडीवर सांगत आलो. मग घरातल्या विधवेच्या बाबतीत तोच शब्द आपल्या तोंडी कसा येतो?

बुडता बुडता वाचलेली गाणी

बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत पोचली हाही एक योगच. त्यांना लिहिता येत नव्हतं. काम करता करता त्या रचत आणि गात. त्यांचा मुलगा सोपानदेव पुढं स्वतः नावाजलेला कवी झाला. शाळेत असताना त्यानं सावित्रीची गोष्ट आईला वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी आईनं तिचं गाणं केलेलं ऐकून तो चकित झाला, असं सांगतात. त्यानं आणि घरातल्याच पितांबर चौधरींनी सापडतील ती गाणी टिपून ठेवली. बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती उचलून धरली, प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. जळगावात छापखाना आला तेव्हा त्यावरही बहिणाबाईंनी गाणं रचलं होतं. स्वतःचं पुस्तक छापलेलं मात्र त्यांनी पाहिलं नाही. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. आज तिथल्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर एका निरक्षर शेतकरणीचं नाव छापलेलं असतं.

लिहून घेणारा मुलगा नसता तर? मग त्यांच्या तोंडचा शब्द त्यांच्यासोबतच गेला असता. बाकीच्या लाखो बायांचं तसंच झालं. आपल्या शेजारी गंगाखेड आहे. जनाबाई तिथली. सातशे वर्षांपूर्वी नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली. तिच्यासोबत विठ्ठल दळू लागला असं आपण मानतो. तिच्यामागं आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक जात्यावर पहाटे ओव्या झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यासाठी १९९६ साली आपल्या माजलगावच्या बायांचाही आवाज टिपला गेला. त्यात पंढरीच्या विठोबावर ओव्या आहेत, बाबासाहेबांवरही आहेत. श्रद्धेच्या जागा वेगळ्या, जातं एकच. गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या म्हाताऱ्यांच्या तोंडात राहिल्या. त्या म्हाताऱ्याही आता एकेक करून जात आहेत.

दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. आज या मांडवात ज्या मायबहिणी दिसत नाहीत त्या कारखान्यांच्या फडात आहेत. गावात मागं कोण राहतं? म्हातारी राहते. ती नातवंडं सांभाळते, शेळी सांभाळते, घरामागचं रान सांभाळते, देवापुढं दिवा लावते. कोणत्या रानात पाणी धरतं, कोणत्या बांधावर कोणती पालेभाजी उगवते, जुन्या ज्वारीचं कणीस कसं होतं, हे तिला विचारा. आम्ही ज्याला पदवी म्हणतो तेवढं तिच्याजवळ असतं. फक्त ते लिहून घ्यायला सोपानदेव नसतो.

तीन कामं

तसबिरीला हार घालून बहिणाबाईंची आठवण पुरी होणार नाही. आम्ही तीन कामं पुढं ठेवतो. तिन्हींना पैसा लागत नाही.

पहिलं काम सातबाऱ्याचं. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं आणि त्यातून पुढं लक्ष्मीमुक्तीची हाक आली. गावोगाव शेतकऱ्यांनी आपल्या हातानं जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावानं केला. सरकारनंही १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. धनी जिवंत असताना, हसतखेळत हे काम करून टाका. आणि जिथं धनी गेलेला आहे तिथं वारसनोंद झाली का ते बघा. १९५६ च्या कायद्याप्रमाणं विधवा, मुलगे, मुली आणि मयताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलगा अज्ञान असो की सज्ञान. वारसाची खबर मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं द्यायची असते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण उशिरात भाऊबंदकी शिरते. दुखवट्याला जाणाऱ्या कार्यकर्त्यानं तेराव्यानंतर पुन्हा एकदा त्या घरी जावं, बाईला मृत्यूचा दाखला काढून द्यावा, अर्ज लिहून द्यावा. पीककर्ज, विमा, अनुदान या सगळ्याच्या वाटा सातबाऱ्यावरच्या नावापासून सुरू होतात.

दुसरं काम मानाचं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. आपल्या गावात तो ठराव झाला का? झाला असेल तर पाळला जातो का? आम्ही शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. येत्या मृगात तिफण धराल तेव्हा पहिली मूठ घरातल्या किंवा भावकीतल्या विधवेच्या हातून पडू द्या. येळवसेला रानात कोप करून पूजा मांडाल तेव्हा तिला आंबील वाटायला नव्हे, पूजेला पुढं बोलवा. काळी आई बी टाकणाऱ्या हाताला कपाळाचं कुंकू विचारत नाही. बी खोल पडलं की उथळ, रानात ओल आहे की नाही, एवढंच ती बघते.

तिसरं काम लिहिण्याचं. गावातल्या शाळेची, कॉलेजची पोरं आहेत. त्यांच्या हातात फोन आहे. प्रत्येक गावातल्या पाच म्हाताऱ्यांपुढं बसून त्यांच्या ओव्या, त्यांची बियाण्यांची माहिती, त्यांच्या आयुष्याची हकीकत उतरवून घ्या. शब्द सुधारू नका. बहिणाबाईंची बोली खानदेशी होती. सोपानदेव शिकलेला होता, कवी होता, तरी आईची बोली त्यानं पुस्तकी केली नाही. म्हणून ती गाणी आजही जिवंत लागतात. आपल्या म्हातारीची बोलीही तशीच राहू द्या.

बहिणाबाईंची श्रद्धा मोठी का, याचं उत्तर आमच्या मते हे आहे. त्यांच्यावर जे आलं त्याचा दोष त्यांनी स्वतःच्या कपाळाला दिला नाही आणि देवालाही दिला नाही. सकाळी उठून त्या रानात गेल्या. चाळीस वर्षं गेल्या. त्या चाळीस वर्षांत जे दिसलं ते गात राहिल्या. एवढं करायला फार मोठं मन लागतं, आणि तसं मन असलेल्या बाया आपल्या आष्टी-पाटोद्याच्या माळावर आणि गेवराई-माजलगावच्या काळ्या रानात आजही आहेत. त्यांच्या नावाचं विद्यापीठ होणार नाही. त्यांच्या नावाचा सातबारा मात्र होऊ शकतो, आणि तो आपल्या हातात आहे.

म्हणून आजच्या ठरावांत आम्ही आणखी एक घालतो. या बैठकीला आलेला प्रत्येक शेतकरी पुढच्या ३ डिसेंबरच्या आत आपल्या घरच्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लावील, आणि आपल्या गावातल्या एका तरी विधवा बहिणीची वारसनोंद पुरी करून देईल. पुढच्या वर्षी याच बैठकीत गाववार नावं वाचली जातील. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. करण्याआधी एवढंच आठवा, की आज घरच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत.